महिपत अण्णांची पहिली निवड

महिपत अण्णा बास्केटबॉलच्या कोर्टवर कधी ओरडले नाहीत. बाकीचे कोच रेषेवर उभे राहून घसा फोडायचे. अण्णा उजवा हात वर करून गप्प उभे असायचे. बहरीनमध्ये सित्र्यातल्या एका कंपनीत ते रिगिंगचे फोरमन होते. क्रेनने जड माल उचलताना खाली उभं राहून क्रेनवाल्याला हाताने खुणा करायच्या, हे त्यांचं काम. त्याच खुणा त्यांनी कोर्टवर आणल्या होत्या. तर्जनी वर करून गोल फिरवली की ‘उचल’, म्हणजे बास्केटवर टाक. तळवा खाली करून हात आडवा हलवला की ‘थांब’, म्हणजे चेंडू धरून ठेव. त्यांच्या टीममधले सगळे त्यांच्याच गँगमधले असल्यामुळे कुणाला काही समजावून सांगावं लागत नसे.

मी एकदा त्यांना विचारलं, की साध्या तोंडाने का सांगत नाही? ते म्हणाले, “आवाजाचा काय भरवसा, साठे साहेब? मशीन चालू असलं की स्वतःच्या बायकूची हाक बी ऐकू येत न्हाई. हात दिसतो.”

त्यांचं आणखी एक वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. कुणी म्हणालं, की अण्णा, सोडून द्या आता, जुनी गोष्ट झाली, तर ते शांतपणे म्हणत, “मी इसरत न्हाई. आमच्या धंद्यात वरचा इसरला की खालचा मरतो.”

अण्णा सांगली जिल्ह्यातले. त्यांच्या शाळेच्या मास्तरांनी विजेच्या जुन्या खांबाला लोखंडी कडं ठोकून दिलं होतं, त्यावर ते शिकले. मी मनाम्यात एका कंपनीत अकाउंटंट आहे, उम्म अल हस्समला सहकुटुंब राहतो, आणि मला स्वतःला चेंडूचा नीट टप्पाही पाडता येत नाही. पण आकडे चुकलेले मला बघवत नाहीत, म्हणून आमच्या मराठी मंडळाच्या सामन्यांना मी स्कोअरच्या टेबलावर बसू लागलो. अण्णांची ओळख तिथली. तेव्हा ते मंडळाच्या टीमचे कोच होते. मंडळाचे अध्यक्ष होते दिवेकर, एका बँकेतले मोठे अधिकारी, राहायला अमवाजला, समुद्रासमोर. खेळायला उतरणाऱ्या पाचांपैकी चार जण अण्णांनी आपल्या कामगारांच्या कॅम्पातून आणलेले असत.

त्या टीमने कप जिंकला. मंडळाने हॉटेलात जेवण ठेवलं आणि निमंत्रणावर लिहिलं, फक्त कुटुंबांसाठी. इथे बहरीनमध्ये ज्याची बायको सोबत नाही तो बॅचलर, मग त्याला गावी नातवंडं का असेनात. अण्णांच्या दोन्ही मुलींची लग्नं झाली होती. तरी ते बॅचलर होते, आणि त्यांचे चारही खेळाडू बॅचलर. ते इस्त्रीचे शर्ट घालून आले, तर दिवेकर दारातच भेटले. हसून म्हणाले, “महिपतराव, तुम्ही कशाला त्रास घेतलात? बायका-मुलं आहेत आत, जरा ऑकवर्ड होतं. तुमच्या लोकांसाठी कॅम्पवर बिर्याणीची पार्सलं पाठवलीत मी. गरम असतील अजून.” कप आत टेबलावर ठेवलेला होता. अण्णा “बरं,” एवढंच म्हणाले आणि वळले. माझी बायको माझ्या मागेच उभी होती. तिने ते सगळं ऐकलं आणि मला म्हणाली, “चला घरी.” आम्हीही जेवलो नाही.

अण्णांनी मंडळ सोडलं आणि कॅम्पची वेगळी टीम काढली. नावही साधं ठेवलं, सित्रा. माझा स्कोअरचा कागद घेऊन मीही तिकडे गेलो. पहिल्याच हंगामात सित्राने मंडळाला घाम फोडला, कारण कंपनीत नवा माणूस आला की अण्णा विमानतळावरच त्याची उंची बघत. हे दिवेकरांना खुपलं. ते रात्रंदिवस अमेरिकेतलं बास्केटबॉल बघणारे. त्यांनी आमच्या सगळ्या टीमांच्या लीगच्या बैठकीत ठराव आणला, की बहरीनमध्ये नव्याने आलेला कुठलाही खेळाडू थेट कुठल्या टीमने घ्यायचा नाही. सगळ्यांची नावं ड्राफ्टमध्ये टाकायची. गेल्या हंगामात जी टीम शेवटची असेल तिने पहिला खेळाडू निवडायचा, मग तिच्या वरच्या टीमने. एकदा निवडला की तो त्या टीमचा, जोवर ती टीम आपणहून सोडत नाही तोवर. निवडीचा हक्क दुसऱ्या टीमला द्यायचा असेल तर बदल्यात खेळाडू घेता येतील. कुणी विचारलं, घरचाच मुलगा असेल तर? दिवेकर म्हणाले, “नियम म्हणजे नियम. कुणालाही सूट नाही. अमेरिकेत असंच असतं.” ठराव मंजूर झाला. अण्णांची नवी माणसं बाकीच्या टीमांत वाटली गेली आणि शिफ्टमुळे निम्मी टीम सामन्याला गैरहजर राहू लागली. सित्रा तळाला गेलं ते तिथेच राहिलं.

पुढे दिवेकरांचा मुलगा रोहन शिक्षण संपवून बहरीनला नोकरीला आला. सहा फूट चार इंच. परदेशात कॉलेजच्या टीममधून खेळलेला. ड्राफ्टच्या यादीत त्याचं नाव पहिलं, आणि पहिली निवड आमची.

दिवेकरांचा फोन मला आला, अण्णांना नाही. माझ्याशी त्यांना बोलता येत असे. पहिली निवड मंडळाला द्या, बदल्यात आमचे दोन खेळाडू घ्या, असं म्हणाले. दोघंही त्यांच्या पहिल्या पाचातले. मी त्या रात्री बसून गेल्या हंगामाचे सगळे स्कोअर काढले. आम्ही सामन्याला सरासरी चाळीसच्या आसपास गुण करत होतो. ते दोघं मिळून वीस तरी आणणार होते. दोघंही दिवसपाळीचे, म्हणजे शुक्रवारच्या सुट्टीला, सामन्याच्या दिवशी, हमखास हजर. एकटा रोहन कितीही चांगला असला तरी चेंडू त्याच्यापर्यंत पोचवणार कोण? शिवाय अण्णांचं कंपनीतलं ते शेवटचं वर्ष होतं. व्हिसा पुढे वाढणार नव्हता. कप जिंकून जायचं असेल तर हीच वेळ होती, आणि त्यासाठी सौदा करणंच शहाणपणाचं होतं. हे मी कॅम्पवर जाऊन सगळ्यांसमोर नीट मांडलं.

अण्णांनी पूर्ण ऐकून घेतलं. “आकडं बरोबर हाईत,” म्हणाले. मग टीमकडे वळून विचारलं, “तुमाला कप पायजे का दिवेकर पायजे?”

आमचा सेंटर बाळू, जो त्या जेवणाच्या दारातून परत आलेल्या चौघांपैकी एक, तो म्हणाला, “कप काय अण्णा, फुडच्या साली बी असतोय. दिवेकर परत असा घावायचा न्हाई.” सगळे हसले. सौद्याच्या बाजूने माझं एकट्याचं मत पडलं.

मला वाटलं, आता साधा नकार कळवायचा. पण अण्णा म्हणाले, “न्हाई. त्यांना सांगा, अशा गोष्टी फोनवर हुत न्हाईत. शुक्रवारी कॅम्पवर जेवायला या म्हणावं. समोरासमोर बसून ठरवू.”

दिवेकर आले. गाडी कॅम्पच्या फाटकाबाहेर लावून, बुटांना धूळ लागू नये असं चालत आले. अण्णांच्या खोलीत चार खाटा होत्या. त्या भिंतीला लावून मधे जमिनीवर प्लॅस्टिकचा सुफरा अंथरला होता, त्यावर ताटं. सकाळपासून मटण शिजत होतं, भाकऱ्या बाळूने थापल्या होत्या. अण्णांनी दिवेकरांना पंख्याखालची जागा दिली आणि स्वतः वाढायला बसले. “आणखी एक घ्या की. रस्सा घ्या. लाजू नका, घरचंच हाय.” दिवेकरांना मांडी घालून बसण्याची सवय राहिली नव्हती, सारखे पाय बदलत होते. पण जेवले. कौतुकही केलं. कुणी टोमणा मारला नाही, जुना विषय काढला नाही. पाहुण्याचा इतका मान मी फार कमी घरांत पाहिला आहे.

हात धुऊन झाल्यावर दिवेकर म्हणाले, “मग काय ठरवलंत, महिपतराव?”

“कशाचं?”

“रोहनचं.”

“पोट भरलं न्हवं तुमचं?” अण्णांनी विचारलं. दिवेकर हो म्हणाले. “मग झालं तर. पोरगं मिळायचं न्हाई.”

दिवेकर माझ्याकडे बघू लागले. हवं तर तिसरा खेळाडूही देतो म्हणाले. रोहनच्या आईने आजवर मंडळाचा एकही सामना चुकवलेला नाही, तिने काय समोरच्या टीमसाठी टाळ्या वाजवायच्या, असंही म्हणाले. अण्णा म्हणाले, “वाजवू द्या की, साहेब. तुमीच नियम केलाय. कुणालाबी सूट न्हाई. माझी पोरं त्या नियमात गेली, तवा मी तुमच्या दारात आलो हुतो का मागायला?” आणि त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. दारही स्वतः उघडून दिलं.

रोहनला आम्ही निवडलं. पहिल्या सरावाला तो आला तेव्हा कानात इअरफोन आणि चेहऱ्यावर तुरुंगात आल्यासारखा भाव. मराठी त्याला समजे, पण उत्तर इंग्रजीत येई. मला भीती होती, की अण्णा बापाचा राग पोरावर काढतील. तसं झालं नाही. त्यांनी त्याला ना लाडावलं, ना छळलं. बाळूशेजारी उभं करून खुणा शिकायला लावल्या, चुकला की पुन्हा करायला लावलं, आणि सराव संपला की सगळ्यांबरोबर चेंडू पोत्यात भरायला लावले. महिन्याभरात पोरगा सरावानंतर कॅम्पवर जेवायला थांबू लागला. बाळू त्याला ‘मालक’ म्हणायचा, तो बाळूला ‘ब्रो’. मी अण्णांना म्हटलं, मुलगा गुणी आहे, त्याच्याशी चांगले वागता हे बरं केलंत. अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, “साठे साहेब, वाईट वागलो असतो तर तो बापाकडं पळाला नसता व्हय?”

तेव्हा मला कळलं, की दिवेकर जेवून गेले त्या दिवशी काहीच संपलेलं नव्हतं.

मंडळाबरोबरचा सामना हंगामाच्या अखेरीला होता. दिवेकर समोरच्या बाकावर, त्यांची पत्नी प्रेक्षकांत. सामना बरोबरीत चालला होता. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने मागे होतो आणि चेंडू रोहनच्या हातात होता. डाव्या बाजूला वाट मोकळी दिसत होती. दिवेकर आपण कुठल्या बाकावर आहोत हे विसरले आणि उभे राहून ओरडले, “रोहन, लेफ्टने जा! लेफ्ट!” लहानपणापासून तो आवाज त्या पोराच्या कानात बसलेला. अख्ख्या हॉलला ऐकू गेला. रोहनने मान वळवली ती आमच्या बाकाकडे. अण्णांचा तळवा खाली होता. थांब. तो थांबला. मग अण्णांची तर्जनी फिरली आणि त्याने तिथूनच चेंडू टाकला. चेंडू कड्यावरून फिरून बाहेर पडला. मंडळाने उलट जाऊन आणखी दोन गुण केले. आम्ही तीन गुणांनी हरलो.

मंडळाचे लोक नाचत होते. दिवेकर मात्र उभे होते तसेच राहिले, हात अर्धवट वर. नंतर ते मुलाजवळ आले तेव्हा तो बाळूबरोबर चेंडू गोळा करत होता. “टू मिनिट्स, डॅड,” म्हणाला. ते दोन मिनिटं उभे राहिले.

बसकडे जाताना मी अण्णांना म्हणालो, की डावीकडून गेला असता तर बहुतेक जिंकलो असतो. ते म्हणाले, “व्हय, वाट मोकळी हुती. दिसली मला.” चेंडूंचं पोतं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. “पण बापानं हाक मारली आणि पोरगं माझ्या हाताकडं बगत हुतं. दिवेकराला आता जिंकल्याचं जेवण ग्वाड लागतंय का बगू.”

मलाही मुलगा आहे. तरी ते ऐकून मला आनंद झाला, आणि झाला नाही असं मी इथे लिहिणार नाही.

अण्णा महिन्याभरात गावी गेले. विमानतळावर सोडायला आम्ही दोन गाड्या भरून गेलो होतो, रोहनही होता. सामान आत टाकल्यावर मी त्यांना हळूच विचारलं, की समाधान झालं का? ते म्हणाले, “थोडं झालं. थोडं तुमच्याकडं ठिवून चाललोय.” मग सगळ्यांना इथल्या अरबीत “यल्ला, खलास”, म्हणजे चला, संपलं, म्हणत आत गेले. टीमचा कारभार माझ्याकडे आला, आणि पुढे फोनवर बोलणं होई ते फक्त टीमचं. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या थोरल्या मुलीचा फोन आला. सकाळी मळ्यात गेले आणि तिथेच बसल्या जागी गेले. कॅम्पवर आम्ही सगळे जमलो. रोहन अमवाजहून आला, बाळूच्या खाटेवर बसून राहिला आणि बराच वेळ कुणाशी इंग्रजीतही बोलला नाही.

पंधरा दिवसांनी दिवेकरांचा फोन आला. आवाज बसलेला वाटला. अण्णा गेल्याचं ऐकलं, वाईट झालं, म्हणाले. मग मुद्द्यावर आले. रोहनला मंडळाकडे सोडा, बदल्यात तीन खेळाडू घ्या, हवे ते तुम्ही निवडा. “तुम्ही हिशोबी माणूस आहात, साठे. त्यांचं काय होतं ते त्यांच्याबरोबर गेलं. तुमचं-माझं तर काही भांडण नाही.”

तीन खेळाडू म्हणजे आम्ही सरळ पहिल्या दोन टीमांत. गणित करायला कागदही लागला नसता. मी त्यांना नाही म्हटलं. त्यांनी कारण विचारलं. कारण नाही, फक्त नाही, असं सांगून मी फोन ठेवला.

बायको आतून हात पुसत आली. कोण होतं म्हणाली. म्हटलं, दिवेकर होते, रोहनला मागत होते.

ती तशीच दारात थांबली. “दिलं नाहीत ना?”