काइनमावशी आणि नवऱ्याची पाठवणी

काइनमावशी लग्नाला आली की नवरा-नवरी जरा सावरून बसायची. पाळकसाहेबांचा आशीर्वाद झाला, फोटो झाले, पंगती उठल्या, की ती स्टेजवर यायची, हातात आहेर ठेवायची आणि जगातल्या पहिल्या लग्नाबद्दल एक प्रश्न विचारायची. एका नवऱ्याला तिनं विचारलं, "हव्वेला बघून आदाम काय बोलला ते शास्त्रात लिहिलंय. हव्वा काय म्हणाली असंल?" एका नवरीला म्हणाली, "हव्वेला ना आई, ना सासू. मग तिला संसार शिकवला कुणी?" पोरं हसायची. ती हसायची नाही. "उत्तर सापडलं तर मला कळवा," म्हणायची, "मला अजून सापडलं न्हाई."

तिचं खरं नाव सुशीलाबाई. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन ती पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी परत आली आणि चर्चमधली रविवारची शाळा तिनं हातात घेतली. तिथंच तिला हे नाव पडलं. आम्हा पोरांतल्या एका मुलीनं एकदा विचारलं, "बाई, आदाम आणि हव्वेला काइन आणि हाबेल अशी दोनच पोरं. मग काइनाला बायको कुठून मिळाली?" व्हरांड्यातून पाळकसाहेबांनी ते ऐकलं. असल्या प्रश्नांनी विश्वास डळमळतो, असं ते म्हणाले. मावशी उठून उभी राहिली. "विचारू द्या, साहेब. देवानंसुद्धा आदामाला विचारलंच की, तू कुठं हायेस म्हणून. त्याला काय ठाऊक न्हवतं व्हय?"

मग ती आमच्याकडे वळली. कुणी म्हणतात ती बहीणच असावी, कुणी म्हणतात बाहेर आणखी माणसं असावीत, तिला स्वतःला ठाऊक नाही, असं तिनं सरळ सांगितलं. "पण मला त्या बाईचं लई वाटतं. नवऱ्याच्या हाताला भावाचं रक्त, घरातून हाकललेला, आणि ती त्याच्यासंगं राह्यली. तिचं नावसुद्धा कुणी लिहून ठेवलं न्हाई." त्या रविवारी तिनं आमच्याकडून काइनाच्या बायकोसाठी प्रार्थना करून घेतली. घरोघरी ती गोष्ट पोहोचली आणि सुशीलाबाईची काइनमावशी झाली. तिला त्या नावाचा राग नव्हता. फोनवरसुद्धा "काइनमावशी बोलतेय" असंच म्हणायची.

तिनं लग्न केलं नव्हतं. लग्न न केलेल्या बाईनं लग्नाच्या गोष्टीत कशाला पडावं, असं काहीजण तिच्या तोंडावर म्हणत. ती शांतपणे उत्तर द्यायची, "आदामाला एकटा बघून देव म्हणाला, हे बरं न्हाई. मला बघून म्हणाला नसंल. ज्याचं त्याचं हाय."

माझं लग्न ठरायची वेळ आली तेव्हा मात्र तिचे हे प्रश्न मला नुसते गमतीचे वाटेनासे झाले. वडील गेल्यानंतर घरात आई आणि मी. आईला मधुमेह, एका डोळ्यानं दिसणं कमी झालेलं. मी गावातच अंगणवाडी सेविका. कोपरगावकडच्या नितीनची आणि माझी एका नातलगाच्या लग्नात ओळख झाली. तो विहिरीच्या मोटारी दुरुस्त करायचा. त्यानंच सुचवलं, "मोटारी काय, पारनेरातबी जळतात. मीच येतो तुमच्याकडं राहायला." आई ते ऐकून रडली. नितीनचे वडील दानिएलराव ते ऐकून जेवणावरून उठले.

साखर कारखान्यात आयुष्य काढलेला तो ताठ माणूस. बोलणी करायला म्हणून बायकोला घेऊन आमच्या अंगणात आला, तो खरं तर मोडायलाच आला होता. "पोरगी चांगली हाय, न्हाई म्हनत न्हाई," ते म्हणाले. "पन आमच्यात कुनी घरजावई झालं न्हाई. पोरीनं आमच्याकडं यायचं, न्हाईतर हितंच थांबू." नितीन मान खाली घालून बसला होता. आई माझा हात घट्ट धरून होती. तिनंच मला हळूच सांगितलं, "जा तू. माझं मी बघते."

काइनमावशी आमच्या बाजूनं वडीलधारी म्हणून बसली होती. तिनं चहाचा कप खाली ठेवला. "दानिएलराव, एक विचारू? पहिलं लग्न लागल्यावर शास्त्रात लगेच लिहिलंय की सोडून जायचं. कुनी कुनाला सोडायचं?"

दानिएलराव चर्चचे जुने पंच. त्यांना पाठ होतं. ते म्हणाले, "पुरुषानं. आईबापाला." आणि लगेच मान वर केली. "पन बाई, आदामाला आईबापच न्हवते. तो कुनाला सोडनार?"

मावशीचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तिला उलटा प्रश्न केला होता. "बघा, हेच मला कधी सुटलं न्हाई," ती म्हणाली. "ज्याला आईबाप न्हाईत, त्याच्या गोष्टीत ही आज्ञा कशाला? मग वाटतं, ती त्याच्यासाठी नसंलच. पुढं जे बाप हुतील, त्यांच्यासाठी असंल. सोडायचं पोरानं, पन सोडू द्यायचं बापानं. अवघड काम बापाकडंच हाय."

तेवढ्यात, आल्यापासून गप्प बसलेल्या नितीनच्या आई पदर सावरत म्हणाल्या, "मी आले तवा माझी आईबी एकटीच हुती. तवा कुनी काय विचारलं न्हाई मला." त्या कुणाकडे बघून बोलल्या नाहीत.

दानिएलराव उठले आणि अंगणाबाहेर गेले. ते टेम्पोत जाऊन बसणार, असंच आम्हाला वाटलं. ते आमच्या कांद्याच्या वावरात विहिरीपाशी जाऊन उभे राहिले. बराच वेळ आत वाकून बघत होते. परत आले ते थेट माझ्या आईसमोर. "विहिरीला कठडा न्हाई, ताई. बांधून घ्या. माझ्या पोराला पोहता येत न्हाई."

आई "व्हय" म्हणाली. काइनमावशीनं तिथंच डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. इतकी छोटी प्रार्थना तिनं पुन्हा कधी केली नाही.

लग्न कोपरगावात झालं आणि पाठवणी नितीनची झाली. दानिएलरावांनी त्याची हत्यारांची पेटी स्वतः टेम्पोत चढवली, त्याच्या गळ्यात पडले आणि नवरीच्या बापासारखे हमसून रडले. आमच्या गावच्या वेशीपासून वाजंत्री होती. लोक दारादारात उभे राहून बघत होते, हसतही होते. मावशी नवी साडी नेसून वाजंत्रीच्या पुढे, डोकं ताठ ठेवून चालली होती. कुणीतरी ओरडून विचारलं, "बाई, नवरी कुठली आनली?" ती म्हणाली, "नवरी हितलीच. नवरा आनलाय." मग हसणारेच नाचायला लागले. आईनं दारात नितीनचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपून पाहिला, आणि तो तिला ओट्यावर बसवून तिच्या पाया पडला.

आमच्यानंतर गावात आणखी काही जावई राहायला आले. आता कुणी कुणाला चिडवत नाही. आई नातवंडं खेळवून समाधानानं गेली. शेवटची सगळी दुखणी नितीननंच काढली.

गेल्या पावसाळ्यात काइनमावशी गेली. दोन दिवसांचा ताप, आणि सकाळी चहा मागून घेता घेता. दानिएलराव खबर मिळताच कोपरगावहून निघाले. वय झालेलं असूनही त्यांनी पेटीला खांदा दिला, दुसऱ्या बाजूला नितीन होता. मंडळी मोठ्यानं भजन म्हणत होती. कब्रस्तानात प्रार्थना झाली. नवीन पाळकसाहेब तरुण होते, त्यांना तिची माहिती नव्हती. त्यांनी विचारलं, "पहिली माती द्यायला घरचं कोण आहे?"

इतकी माणसं एकदम पुढे झाली, की पाळकसाहेबांनाच मागं सरकून वाट द्यावी लागली.