एकशेतीस फुटांची तार

जयवंत गेल्यावर, १९९१ साली, हंसा रेळे गिरगावातली जागा सोडून भाईंदर पूर्वेला राहायला आली. नवराबायको दोघंही हौशी रेडिओवाले, घरच्या वायरलेस सेटवरून गावोगावच्या लोकांशी बोलणारे. जयवंतने बांधलेली तारेची अँटेना एकशेतीस फूट लांब होती आणि इथली गच्ची जेमतेम सत्तर.

“काकू, बाजूचे बिल्डिंगवाले तार बांधू देणार नाहीत,” सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले.

तार अर्धी केली, तर ऐंशी मीटरचा बँड, म्हणजे त्या तरंगलांबीवरचं बोलणं, जाणार होता. बाकीचे बँड चालले असते. पण ऐंशी मीटरवरच तर दोघं रोज संध्याकाळी मित्रांशी बोलायची. दोन दिवस घुटमळून शेवटी तिने पक्कड घेतली आणि तार कापली.

रविवारी चाळीस मीटरवर कोल्हापूरच्या निंबाळकरांनी तिचा आवाज ओळखला. “वहिनी! जयवंतराव कुठायत?”

“गेले ते,” ती म्हणाली. “मार्चमध्ये.”