उताऱ्याचं अंडं

ईस्टर दरवर्षी वेगळ्या तारखेला का येतो, हा प्रश्न लीड्सला आल्यापासून मी निदान दहा जणांना विचारला असेल. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, आजूबाजूला सगळी शिकलीसवरलेली माणसं. तरी कुणाला धड सांगता येईना. शेवटी मीच शोधून काढलं. वसंतात दिवस-रात्र सारखे झाले की त्यानंतरची पौर्णिमा, आणि त्या पौर्णिमेनंतरचा रविवार. म्हणजे यांचंही पौर्णिमेवरच चालतं. आमच्या घरी बुद्धपौर्णिमा, यांच्या घरी ही. परक्या गावात ओळखीचं कुणी भेटावं तसा मला उगाचच आनंद झाला.

बाकीचे प्रश्न तसेच राहिले. ज्या शुक्रवारी एका माणसाला क्रुसावर चढवलं, तो ‘गुड’ कसा? अंडी कोंबडीऐवजी ससा का आणतो? क्रूस काढलेले ते गोड पाव नाताळचं सामान आवरतं न आवरतं तोच दुकानात कसे हजर होतात? लॅबमधली मैत्रीण म्हणाली, “तू फार डोकं चालवतेस. चॉकलेट खा आणि चार दिवस झोप काढ.”

आमच्या शेजारच्या बाईंकडे मात्र प्रत्येक गोष्टीचं उत्तर असे. वय पंच्याहत्तरीच्या पुढचं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. शाळेच्या किचनमध्ये त्यांनी आयुष्य काढलं होतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही या गल्लीत राहायला आलो, तेव्हा बाकीचे लोक हवापाण्यापलीकडे जात नव्हते. पण या बाई कुंपणापाशी उभ्या राहून तासभर बोलत. माझी शिफ्ट लांबली की सात वर्षांच्या माझ्या लेकीला त्याच शाळेतून घरी आणत. नवरा आठवडाभर दूर दक्षिणेत, बेसिंगस्टोकला कामाला, त्यामुळे या शहरात हक्काचं माणूस म्हणाल तर त्या एकट्याच.

ईस्टरच्या तीन आठवडे आधी त्या मला म्हणाल्या, “तुमच्याकडे कांदे पुष्कळ लागत असतील ना? सालं टाकू नकोस, मला दे.” आमच्या घरात कांदा किती लागतो हे काय सांगायचं. दहा दिवसांत मी पिशवीभर सालं नेऊन दिली. त्या म्हणाल्या, मला एवढी जमवायला वर्ष लागलं असतं. ही सालं कशाला हवीत, हे मात्र मी विचारलं नाही. जगाला प्रश्न विचारत फिरणारी मी, नेमकं तेवढंच विचारायचं राहिलं.

ईस्टरच्या शनिवारी सकाळी मी औषध आणायला निघाले. लेक गुरुवारपासून तापाने फणफणली होती, नवरा त्या शनिवारीही तिकडेच अडकलेला. दार उघडलं, तर उंबऱ्यापाशी एक बशी. बशीत हिरवं शेवाळ आणि त्यावर एक अंडं. पिवळं-तांबडं, हळदीत घोळल्यासारखं. त्यावर एका पानाचा ठसा, आणि भोवती लाल लोकर गुंडाळलेली.

मी जागच्या जागी थिजले.

मी नागपूरची. आमच्या वस्तीत अमावस्येला, नाहीतर शनिवारी, चौकात असली अंडी पडलेली असत. कुणाचं दुखणं, कुणाची नजर उतरवून ते अंडं, लिंबू, नारळ चौकात टाकायचं, त्याला उतारा म्हणतात. कुणी ओलांडला की ती पीडा त्याला लागते, असा समज. आणि मुद्दाम कुणाच्या दारात ठेवला, तर ती करणी. माझे बाबा शाळामास्तर, बाबासाहेबांच्या विचारांचे कट्टर. ते भर चौकात सगळ्यांसमोर ती अंडी उचलत, घरी आणत, आई उकडत असे आणि आम्ही भावंडं मीठ-तिखट लावून खात असू. उताऱ्याची अंडी खाऊन वाढलेली मी.

त्याच मी झाडू आणला. अंडं, बशी, शेवाळ, सगळं हात न लावता सुपड्यात लोटलं आणि डब्यात टाकलं. बशी फुटली. मग किटलीतलं कढत पाणी पायरीवर ओतलं. आणि ओतताना माझ्या मनात जे आलं ते लिहायलाही लाज वाटते. मनात आलं, एकटी बाई, मूलबाळ नाही, माझ्या पोरीवर जरा जास्तच जीव लावते. अशाच बायांना चेटकीण ठरवून लोक गावाबाहेर काढतात. बाबांनी अशा दोघींसाठी मार खाल्ला होता.

मान वर केली, तर बाई त्यांच्या फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्या वळून आत गेल्या.

वर गेले, तर लेक अंथरुणात उठून बसली होती. “आई, माझा अंडं आला?” मी म्हटलं, कसलं अंडं? “नेक्स्ट डोअरचा. कांद्याची स्किन लावून बॉइल केलेला. मंडेला आम्ही हिलवरून रोल करणार. तिने प्रॉमिस केला होता.”

इकडे इंग्लंडच्या उत्तरेत ही जुनी रीत आहे, हे मला मग कळलं. अंड्याला पान लावायचं, वरून कांद्याची सालं गुंडाळायची, फडक्यात बांधून उकडायचं. सोमवारी टेकडीवरून ती सोडायची, ज्याचं न फुटता लांब जाईल तो जिंकला. उतारावरून सोडायच्या अंड्याला मी उतारा समजले होते.

दुपारी बाबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार.

“भीती वाटली त्याचं काही नाही,” ते म्हणाले. “मलाही वाटायची. दर वेळी, उचलताना.”

हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं.

“पण त्या बाईंबद्दल तू काय विचार केलास, ते त्यांना सांग.”

“कशाला, बाबा? काहीतरी कारण सांगते, सॉरी म्हणते.”

“कारण सांगितलंस तर त्या तुला माफ करतील. पण माफी कशाची, ते त्यांना माहीतच नसेल.”

काय बोलायचं ते रात्रभर मी घोकत होते. खरं सांगितलं तर हे माणूस तुटणार, लेकीचं ते घर तुटणार, हे मला दिसत होतं. रविवारी त्या चर्चमधून परत आल्यावर मी गेले. टेबलावर वाडगाभर अंडी होती, सगळी माझ्या कांद्यांच्या रंगाची. मी उतारा म्हणजे काय ते सांगितलं, करणी सांगितली. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. मध्ये विचारलंसुद्धा, लिंबूच का? मला त्याचंही उत्तर येत नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, “आणि ते कुणी ठेवलं असेल असं वाटलं तुला?”

कुणीच नाही, जुनी सवय, असं म्हणता आलं असतं.

“तुम्ही,” मी म्हटलं. “एक मिनिटभर. पण तुम्हीच.”

त्यांनी अंड्यांचा वाडगा बाजूला सरकवला. मला रडू यायला लागलं आणि ते आवरेना.

“तुम्ही राहायला आलात ना,” त्या हळूच म्हणाल्या, “त्याच आठवड्यात मी मागच्या दाराला नवीन कडी बसवून घेतली. चांगली जाड. कुणामुळे, ते तुला कळलंच असेल.”

मला कळलं. राग आला, आणि कुणावर काढावा हे समजेना म्हणून तिथेच विरला.

“अजून आहे?” मी विचारलं.

“आहे की. पण माझ्या बोटांनी ती आता सरकत नाही. मागच्या बागेत जायचं झालं की तुझी पोरच उघडून देते. ती नसली, तर मी पुढच्या दाराने वळसा घालून जाते.”