अंबाड्यातला आकडा

आमचे हे संस्थापक आहेत. हसू नका, पाटीवर तसं रंगवलंय. याआधी यांनी एकच गोष्ट उभी केली होती, डुकरांचं खोपटं, आणि तेही पहिल्याच वादळात बसलं.

यांचं नाव तोकुझेन आगारिए. मी नाबे, यांची बायको. मी बाजारात तोफू विकते. म्हणजे घर मी चालवते आणि हे नुसते हात चालवतात.

हात चालवायला शिकवलं गावातल्या तोनाकी आजोबांनी. म्हातारा एक नंबरचा खडूस! वर्षानुवर्षं कराटेचा एकच काता, म्हणजे ठरलेल्या वारांची आणि वळणांची मालिका, थडग्यांपुढच्या मोकळ्या जागेत. अख्ख्या ओकिनावा बेटावरच्या पुरुषांनी केस कापले, पण या गृहस्थांनी डोक्यावरचा अंबाडा काही सोडला नाही. त्यात चांदीचा आकडा खोचलेला. केस उरले मूठभर, त्यात तो टिकणार कसा? दर वळणाला घसरायचा, आणि म्हातारा डावा तळवा डोक्यावर दाबून तो जागेवर बसवायचा. आमच्या यांनी वळण उचललं, ते तळव्यासकट. बारीक केस कापलेल्या डोक्यावर!

अमेरिकनांशी झालेल्या लढाईत आजोबा डोंगरातल्या गुहेत शिरले ते बाहेर आलेच नाहीत. मूल ना बाळ. हाडं सापडली नाहीत, म्हणून यांनी अस्थींच्या घड्यात समुद्रकाठचा दगड ठेवला.

पुढे हे स्वतः शिकवायला लागले. आमच्या अंगणात गावातली पोरं आणि छावणीतले दोन धिप्पाड अमेरिकन शिपाई, सगळे वळताना टाळकं दाबतायत. बघणाऱ्याला वाटावं, घरात डोकेदुखीची साथ आलीय.

"अहो, ती म्हाताऱ्याची खोड आहे, विद्या नव्हे," मी म्हणायचे.

"त्यांनी दाखवलं तसं," हे म्हणायचे.

"आणि ते मध्येच शिंकत असते तर?"

"तर मीही शिंकलो असतो."

घ्या! आता या माणसापुढे काय डोकं फोडायचं?

मग यामातोकडची, म्हणजे मुख्य जपानची कराटेची मोठी संघटना नाहा शहरात आली. तिची मान्यता असेल तरच कमरेचे रंगीत पट्टे देता येणार. पोरांना पट्ट्यांचा कोण सोस! शेजारच्या गावात पट्टे मिळायला लागले आणि आमची निम्मी पोरं तिकडे पळाली. मी यांना बजावलं, "तो हात गाळा, नाहीतर अंगणात कोंबड्यांना काता शिकवा."

तपासणीच्या दिवशी यांनी सभागृहात काता केला. तळव्यासकट, अर्थातच. कोटवाल्या साहेबांनी विचारलं, "हा हात कुठला वार अडवतो?"

शहाणा माणूस म्हणाला असता, काठीचा. हे म्हणाले, "वार नाही. आकडा पडू नये म्हणून."

"कुणाचा आकडा?"

"गुरूंचा."

सभागृह खो खो हसलं. मला तर धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

साहेब हसू आवरत म्हणाले, "तेवढा हात काढून टाका, आगारिए सान. आत्ता मान्यता देतो."

"त्यांचं हाडूकसुद्धा मिळालं नाही, साहेब. घड्यात दगड आहे. त्यांचं म्हणून एवढा हातच उरलाय. तो कसा काढू?"

आता कुणी हसेना. साहेब माणूस चांगला होता, तिथेच घात झाला. बाजूच्या दोघांशी कुजबुजून तो म्हणाला, "मग ही वेगळी शैली धरू. नवी. हात ठेवा, पट्टेही द्या. संस्थापक तुम्ही."

"मी? अहो, मी नवीन काहीच केलं नाही! मी एक बोट इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. तोनाकींचं नाव घाला."

"मेलेल्या माणसाला सभासद कसं करणार? संस्थापक हयात लागतो. नाहीतर हात गाळा."

यांनी मागे उभ्या पोरांकडे पाहिलं. पोरांचे डोळे पट्ट्यांवर. मग यांनी मान खाली घातली. काहीही न बदलल्याबद्दल एका माणसाला नव्या शैलीचा संस्थापक करण्यात आलं. यामातोची अक्कल, आपण पामरांनी काय बोलावं!

परतताना बसमध्ये पोरांनी गोंधळ मांडला होता. दोघांतला एक अमेरिकन शिपाई उठून नव्या पोराला तळवा कसा दाबायचा ते दाखवत होता. "नीट बघ," तो म्हणाला, "हा आगारिए-हात."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे खिडकीबाहेर बघत होते.

"नाबे," हे हळूच म्हणाले, "आता त्यांचं काहीच उरलं नाही गं."

एरवी माझ्या जिभेला हाड नसतं. तेव्हा मात्र मी भर बसमध्ये यांचा हात हातात घेतला आणि गाव येईपर्यंत सोडला नाही.