फ्रेममधला लाल स्वेटर

महिनाभर माझा कॉम्प्युटर ओरडतोय, जागा संपली म्हणून. उघडून बघावं तर नुसतं धुकंच धुकं! डिलीट करायला बसलो की एकेका फोटोमागून किस्सा निघतो. मग डिलीट राहतं बाजूला आणि मी एकटाच हसत बसतो. घरात ऐकायला कोणी नाही, तेव्हा तुम्हीच ऐका.

आम्ही तिघं. मी टिळकवाडीतला रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. आप्पा निपाणीचे, जैन, तंबाखूचे व्यापारी. सगळ्यात भारी कॅमेरा त्यांचा. आणि परशराम, वडगावात पॉवरलूमवर साड्या विणणारा. त्याच्याकडं कॅमेराच नव्हता! त्याच्याकडं होता लाल स्वेटर.

थंडीतल्या रविवारी पहाटे आम्ही धुक्याचे फोटो काढायला निघायचो. नियम एकच, फ्रेममध्ये लांबवर एक माणूस पाहिजे. माणसाशिवाय धुक्याला खोली येत नाही. तो माणूस म्हणजे परशराम. माकडटोपी आणि लाल स्वेटर घालून बांधावर पाठमोरा उभा राहायचा. स्वेटर कायम माझ्या स्कूटरच्या डिकीत. "घरी न्हेला की बायकू धुत्या, मास्तर. रंग गेला तर मी दिसणार कसा?"

*

आप्पा सूर्य बघितल्याशिवाय तोंडात काही घेत नाहीत. एकदा संकेश्वरच्या पुढं उसाच्या पट्ट्यात असं धुकं पडलं की समोरचा ट्रॅक्टर दिसेना. आम्ही टपरीवर चहावर चहा मारतोय आणि आप्पा हात चोळत बसलेत. मी मोबाईल दाखवला, "आप्पा, सूर्य कधीच उगवलाय, बघा की!"

"मोबाईलमधला सूर्य चालत न्हाय!"

साडेनऊला एकदाचं धुकं फाटलं. काय तो सूर्य, काय ती उसावरची किरणं! मी कॅमेरा घेऊन शेताकडं पळालो. आप्पा पळाले चहाच्या किटलीकडं. सीझनमधला सगळ्यात सुंदर सूर्य, आणि सगळ्यात भारी कॅमेरा बाकड्यावर पडलेला!

*

एकदा मी हौसेनं मोठी प्रिंट काढून आणली. निम्म्याहून जास्त पांढरंशुभ्र धुकं. परशरामनं कागद दोन बोटांत धरून चोळून बघितला.

"काठ न्हाईत, पदर न्हाय. असला माल कोण घेणार, मास्तर?"

*

एका डिसेंबरात खरा बर्फ बघायला तिघं मनालीला गेलो. तिथं भाड्यानं कोट मिळतात आणि आम्ही घेतले त्या दुकानातले नेमके सगळे लाल! परशरामला उतारावर उभा केला आणि मी सुरू, "डावीकडं सरक! अजून! मान खाली!" तो बिचारा सगळं ऐकत होता. एवढ्यात मागून आवाज आला.

"मास्तर, चा घ्या. त्यो कुणाला हुभा केलासा?"

वळून बघतो तर परशराम, हातात दोन कप. तेवढ्यात उतारावरचा माणूस अदबीनं ओरडला, "भाईसाब, अब जाऊँ?"

*

माझा मुलगा कॅनडात असतो. त्यानं मागच्या अंगणातल्या बर्फाचा फोटो पाठवला. झाड, कुंपण, सगळं पांढरं. सुरेख! परशराम मोबाईल डोळ्यापाशी धरून कितीतरी वेळ बघत होता.

"ह्यात माणूस कुठाय?"

"अरे, फोटो काढणारा कॅमेऱ्याच्या मागं असतो."

"मग त्येचा फोटो कोण काढतंय?"

मी मुलाला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता.

*

पुढं आप्पा बेंगळूरला मुलाकडं राहायला गेले. फोनवर म्हणतात, "हितं सूर्य दिसतोय मास्तर, खरं चहाला कोण न्हाय." आणि मागच्या उन्हाळ्यात परशराम गेला. माग चालू असतानाच छातीत कळ आली.

यंदा थंडी पडली तसा मी एकटाच जायला लागलो. फोटो निघतात, पण रिकामे. घरी येऊन कॉम्प्युटरवर बघितले की जीव नको होतो. खरं सांगतो, लई एकटं वाटतं.

*

गेल्या रविवारी कंग्राळीला गेलो. आमचा ठरलेला बांध यल्लाप्पाच्या शेतात. मी लांब ट्रायपॉडपाशी खटपट करायचो, तोवर परशराम यल्लाप्पाशी गप्पा छाटायचा आणि येताना रताळी घेऊन यायचा. माझी आणि यल्लाप्पाची ओळख म्हणजे लांबून एक हात वर करण्यापुरती.

डिकी उघडली. स्वेटर तसाच होता. म्हटलं, आज फ्रेम रिकामी ठेवायची नाही. स्वेटर घातला, माकडटोपी ओढली. थोड्या थोड्या वेळानं आपोआप क्लिक होईल असं कॅमेऱ्याचं सेटिंग केलं आणि बांधावर जाऊन पाठमोरा उभा राहिलो.

धुक्यातून खोकत यल्लाप्पा आला.

"काय वो परशराम! लई दिस झालं, हिकडं फिरकलाच न्हाईसा!"

मी पाठमोराच उभा राहिलो.

"आनि तुमचं मास्तर कुठाईत? दिसंनात. बरं हाईत न्हवं?"

मी वळलो आणि ट्रायपॉडकडं बोट केलं.

"हाईत की. त्ये काय, क्यामेऱ्याच्या मागं."

यल्लाप्पानं डोळे बारीक करून धुक्यात बघितलं आणि नेहमीसारखा हात वर केला.

मीही केला.