एक गुडघा सैल करायला लागलेली शंभर वर्षं

सर गेल्याची बातमी आमच्या घरी पापडांच्या टोपलीबरोबर आली. कॅम्पातून, म्हणजे उल्हासनगरहून (आम्ही कुळगावचे लोक अजून कॅम्पच म्हणतो), एक सिंधी बाई दर पंधरवड्याला पापड विकायला येते. तिने ओटीवर टोपली टेकवली आणि आईला सांगितलं, "आपके मूर्तीवाले साईं गुज़र गये." साईं म्हणजे आमचे लेखराज सर. वर्गातच गेले. फळ्याकडे वळले, खाली बसले, ते उठलेच नाहीत. संध्याकाळी मी अंबरनाथहून कामावरून घरी आले तेव्हा आई म्हणाली, "तुजा मास्तर गेला गो बाय." ती त्या दिवशी पापड घ्यायलाच विसरली होती...

खरं तर लेखराज सर माझे मास्तर नव्हते. ते कॅम्पातल्या एका बराकीतल्या शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, आणि मी त्या शाळेत कधी गेले नाही. मी बी.ए. आहे. आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेली मी पहिली, कॉलेजची तर पहिलीच, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही. माझ्या पदवीसाठी मी इतिहास घेतला होता. पण इतिहास म्हणजे काय हे मला आमच्या गणपतीच्या कारखान्यात कळलं, शाडूच्या ढिगापाशी, आणि ते सरांनी दाखवलं. म्हणून हे लिहिते आहे.

ते पहिल्यांदा आले तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. माझं कॉलेजचं पहिलं वर्ष. बाबा चार महिने भातशेती करतात आणि एरवी गणपती. दिवाळीनंतर थोडे दिवस कारखाना रिकामाच असतो. स्टेशनपासून विचारत विचारत एक उंच, वाकलेला माणूस आला. अंगात कोट, कोटाच्या खिशांना खडूची पांढरी कड. त्यांना बाबांचं बोलणं कळेना, बाबांना त्यांचं. मग मी मध्ये बसले. तेव्हापासून सरांचं हिंदी, सिंधी आणि मोडकं मराठी एकत्र कालवून झालेलं बोलणं बाबांना सांगायचं काम माझ्याकडे आलं.

गोष्ट अशी होती. तरुणपणी सर मुंबईत चित्रकला शिकले. तिथे जुन्या ग्रीक पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या नकला होत्या, आणि वर्षानुवर्षं त्यांच्यासमोर बसून कोळशाने चित्रं काढायची हेच शिक्षण. पुढे कराचीत मास्तर झाल्यावर त्यांनी शाळेसाठी तशाच लहान नकला जमवल्या. फाळणी झाली, खोलीला कुलूप लावलं, निघाले. कॅम्पात एका बराकीचा गोणपाटाने तोडलेला अर्धा भाग मिळाला. त्यात आई, बायको, मुलं. पुतळे डोक्यात होते, तेवढे पुरे आहेत असं त्यांना वाटायचं. मग एका सकाळी फळ्यावर सगळ्यात जुना पुतळा काढायला गेले आणि त्याचे केस आठवेनात. "घर गया, चलो, गया," ते म्हणाले. "लेकिन उसके बाल भूल गया ना बेटी, तब डर लगा. आता हे पण जाणार." म्हणून त्यांना तीन पुतळे करायचे होते, हातभर उंचीचे, डोक्यातलं पुसलं जायच्या आत. शाळेतल्या पोरांना दाखवायला, आणि स्वतःला खात्री करून घ्यायला.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "देव हाय का?" त्यांनी विचारलं. देव नाही म्हटल्यावर, "मंग कोन?" सर म्हणाले, "पैलवान समझो." पहिला पुतळा उभा राहू लागला तेव्हा कळलं की पैलवानाच्या अंगावर काहीच नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मास्तर, आमच्या दारात बायामानसां येतात. पैलवान तर पैलवान, लंगोट लावा." सर हसत सुटले. "लगाओ दादा, लगाओ. अडीच हज़ार साल से ठंड में खड़ा है बेचारा." आणि बाबांनी स्वतः त्याला लंगोट घातला, गणपतीच्या पितांबराला पाडतात तशा चुण्या पाडून.

तो पहिला पुतळा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. ताठ, खांद्याला खांदा समान, हात मांड्यांना चिकटलेले, मुठी मिटलेल्या. डावा पाय पुढे, पण चालत नाही. दोन्ही पायांवर सारखाच भार. ही उभं राहण्याची पद्धत ग्रीकांनी मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, लोकांकडून उचलली, असं सर म्हणाले. केस करताना ते दोन दिवस अडले. तिसऱ्या दिवशी एकदम मण्यांच्या माळांसारख्या बटा बोटांतून उतरायला लागल्या आणि त्यांनी डोळे पुसले, तर गालाला शाडू लागला. पुतळ्याच्या ओठांवर बारीक हसू होतं. बाबा म्हणाले, "यो कशाला हासतंय?" सर म्हणाले, "ज़िंदा है, इसलिये. पत्थर ज़िंदा है, हे दाखवायला त्यांना तेव्हा दुसरी तरकीब येत नव्हती." बाबांना हे लगेच पटलं. "आमी त्यासाटीच डोले आखताव," ते म्हणाले. दोघं मग शेजारी बसून पुतळ्याचे ओठ न्याहाळत राहिले. मला दुभाष्याचं काही कामच उरलं नाही.

दुसऱ्या पुतळ्याच्या वेळी त्यांनी मला समोर उभं केलं. मी राष्ट्रगीताला उभी राहते तशी ताठ उभी राहिले. ते मातीत हात घालून कामाला लागले, माझ्याकडे बघेनातच. मी कंटाळले. मग अचानक म्हणाले, "हलू नको! अब देखो, क्या हुआ." मी स्वतःकडे पाहिलं. सगळा भार उजव्या पायावर गेला होता, डावा गुडघा सैल पडला होता. उजवी कंबर वर, उजवा खांदा खाली, मान किंचित वळलेली. "एक पाय काम करतो, दुसरा आराम. एवढं पत्थर में लाने को उनको सौ साल से ऊपर लगे. बाप ने नहीं देखा, बेटे ने नहीं देखा, पोते ने देखा. आणि ज्या दिवशी गुडघा सैल झाला ना, उस दिन हसू गेलं. ज़रूरत नहीं रही. आता पूर्ण शरीर सांगतं की मी जिवंत आहे." मी जन्मापासून अशीच उभी राहत होते. पाण्याच्या रांगेत, दुकानात, कॉलेजच्या जिन्यात. ते माझ्या अंगात होतं, आणि कुणीतरी शंभर वर्षं ते शोधत होतं!

तो पुतळा सगळ्यात सुंदर झाला. त्याला हात नव्हते. मुंबईतल्या नकलेला दंडापासून खाली काहीच नव्हतं, तेव्हा सरांनी प्रामाणिकपणे तेवढंच केलं. वाळत ठेवला आणि ते कॅम्पात गेले. बाबा त्या आठवड्यात बहिणीकडे जांभूळ गावाला, मी कॉलेजात. आई कारखाना झाडायला गेली आणि तिने पाहिलं, मास्तरांच्या मूर्तीचे दोन्ही हात तुटलेले. आमच्याकडे खंडित मूर्ती घरात ठेवत नाहीत. मास्तर बघतील तर त्यांच्या जिवाला लागेल असंही तिला वाटलं. तिने पुतळा पाटावर घेतला, हळदकुंकू वाहिलं, वर धूतवस्त्र टाकलं आणि उल्हास नदीवर नेऊन विसर्जन करून आली. कच्चा शाडू, दुसरं काय होणार...

रविवारी सर आले. रिकामी फळी पाहून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे. आई उत्साहाने सांगत होती, "भाऊ, कालजी नको. नारल फोरलाय, समदा नीट केलाय." मी संतापले. म्हटलं, "आई, अंबरनाथच्या देवळाच्या भिंतीवर हात तुटलेल्या किती मूर्ती आहेत, त्या बुडवल्यात का कुणी?" आई म्हणाली, "त्या भितीत हायेत, घरात नाय." सर तसेच नदीवर गेले. मी मागोमाग. पाणी संथ होतं, काठाजवळच्या दगडावर थोडा पांढुरका गाळ. ते तिथे उकिडवे बसले. मला वाटलं, आता हा माणूस परत कारखान्यात पाऊल ठेवणार नाही. केस आठवायला दोन दिवस लागले होते. हा पुतळा अख्खा पुन्हा कुठून आणणार? मग गाळावर बोट फिरवत त्यांनी विचारलं, "बहनजी ने फूल भी चढ़ाया?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "बेटी, ग्रीस में मालूम है क्या हुआ? संगमरवर के पुतले भट्टी में डाले. चुना बनवला त्याचा. ब्राँझचे वितळवले. हज़ारों... उनको किसी ने नारियल नहीं दिया." परत आले आणि आईला वाकून नमस्कार केला. आई गोंधळून गेली.

मग त्यांनी तोच पुतळा पुन्हा केला. मी कॉलेजच्या लायब्ररीतून चित्रांचं पुस्तक आणते म्हटलं तर नको म्हणाले. आधी डोक्यात काय उरलंय ते बघू दे. या वेळी हात होते. कसे असावेत ते जगात कुणालाच ठाऊक नाही, असं ते आईला सांगत राहिले आणि आई म्हणत राहिली, "कसंबी करा, पन पुरता करा." एक हात सहज खाली सोडलेला, दुसरा कोपरात वाकवून काहीतरी धरलेला. काय धरलंय ते त्यांनी कधी ठरवलं नाही.

तिसरा पुतळा बाजाराला निघालेल्या म्हातारीचा. वाकलेली, मानेच्या शिरा ताणलेल्या, तोंड अर्धवट उघडं, अंगावरचं वस्त्र घसरलेलं. मी म्हटलं, इतके सुंदर पुतळे करून झाल्यावर ही कशाला? सर म्हणाले, "सुंदर तो सब को दिखता है. देवासारखे जवान बनवून बनवून त्यांना शेवटी दिसलं, की आई म्हातारी झाली. ते पण पत्थर के लायक है. त्याला अजून तीनशे वर्षं लागली." बाबा त्या म्हातारीसमोर आले आणि त्यांनी आपोआप पायातल्या वहाणा काढल्या.

तिन्ही झाल्यावर मी पुस्तक आणलं. मला आधीच दिसलं होतं आणि सांगायची हिंमत नव्हती: पुस्तकातल्या मधल्या पुतळ्याचा भार डाव्या पायावर होता, सरांच्या पुतळ्याचा उजव्या. त्यांनी चष्मा सरकवला, एकदा चित्र, एकदा पुतळा. "पाय चुकला," ते म्हणाले. मग बराच वेळ पाहून, "वज़न बरोबर आहे."

कच्च्या मातीचे पुतळे सरांनी शाळेत नेले; बराकीच्या ओलीत ते दोन पावसाळे टिकले. पहिल्याच्या बटा गळल्या, मग म्हातारीचा चेहरा. मी हळहळले तर सर म्हणाले, आता पोरांनी पाहिलेत, तूही पाहिलेस, काम झालं.

गेल्या महिन्यात शाळेत शोकसभा झाली. आई, बाबा आणि मी गेलो. दोन बराकींमधल्या अंगणात सगळे जमले होते. सरांची आई खाटेवर बसली होती, तिला मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. मुख्याध्यापकांनी दोन मिनिटं डोळे मिटून शांत उभं राहायला सांगितलं. सगळे ताठ झाले. खांदे समान, हात मांड्यांना चिकटलेले, मुठी मिटलेल्या. पोरांच्या ओठांवर ते हसू, जे अशा वेळी पोरांना आवरत नाही. मग कुठेतरी एक गुडघा सैल झाला. त्याच्या शेजारचा. मग ओळीच्या ओळी... कंबरा वर, खांदे खाली, माना वळलेल्या, हसू गेलेलं, आणि कुणालाच कळलं नाही आपण काय केलं ते. दोन मिनिटं संपायच्या आत खाटेवरची म्हातारी पुढे वाकली, मानेच्या शिरा ताणल्या, तोंड उघडलं आणि डोक्यावरची ओढणी घसरली. तिच्या तोंडून आवाज काही आला नाही.

सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. माझे उघडे होते. सर असते तर त्यांनीही मिटले नसते.