स्वस्तातला टॅबलेट

दुकानात एक बाई आपल्या आईसाठी टॅबलेट बघत होत्या. "ताई, हा स्वस्तातला नका घेऊ, फार रखडतो," विक्रेता म्हणाला. त्याचं खरं होतं. माझ्या बायकोसाठी, सुमनसाठी, मी तसलाच आणला होता. चार्जिंग दुपारीच संपायचं आणि उजेडात नीट दिसायचं नाही. पण नजर अधू झाल्यावरही अक्षरं बोराएवढी करून तिला त्यावर कादंबऱ्या वाचता आल्या. महागडा असता, तर तिने तो पाहुण्यांच्या कपबश्यांसारखा कपाटात जपला असता.

पुस्तकांच्या सवयीने ती बोटाला थुंकी लावून पान उलटायला जायची. ओल्या बोटापुढे स्क्रीन हटून बसायची. "अहो, रुसला बघा हा!" म्हणत ती स्क्रीन पदराने पुसायची, आणि पान येईपर्यंत मागची गोष्ट मला सांगायची. उभ्या संसारात बोलली नव्हती इतकं ती त्या शेवटच्या महिन्यांत माझ्याशी बोलली.

"काका, तुम्हाला काय वाटतं?" बाईंनी मला विचारलं.

"रखडतो खरा," मी म्हणालो, "पण आईंजवळ बसायला तुम्हाला वेळ असेल, तर हाच घ्या."